नूडल जेवला का?

आमच्या घरात जेवायला नाही म्हणालेला आजवरचा एकमेव पाहुणा म्हणजे साप.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, फक्त नोंद म्हणून सांगतोय. आम्ही मूळचे चिपळूणचे. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने वाढून घ्यायचं, अशी रीत आहे. गेली अकरा वर्षं आम्ही सौदीतल्या राबिघला, रिफायनरीच्या कंपाउंडमध्ये राहतो, पण रीत सामानाबरोबर आणलेली आहे. एसीच्या जाळ्या साफ करायला आलेला माणूसही आमच्याकडून शिरा खाऊन, वर एक डबा घेऊन जातो. असा आमचा लौकिक. तो बुडवला पेन्सिलीएवढ्या एका पिल्लाने.

साप घरात आला तो माझ्याच होकाराने, हेही नोंदवून ठेवतो. मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. दिवसभर कुठल्या टाकीचं तापमान किती आणि कुठल्या पाइपचा दाब किती हे बघत बसायचं, दर तासाला आकडा लिहायचा आणि मधल्या वेळात काळजी करायची, हे माझं काम. त्या संध्याकाळी कंट्रोल रूममधून फोन आला होता. मी एका कानाने तो ऐकत असताना दुसऱ्या कानाशी माझी लेक सई येऊन उभी राहिली. सई दहा वर्षांची. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. घरात दोन्ही बाजूंनी ही व्यवस्था मान्य झालेली आहे.

"बाबा, मिकाज् पेट... कॅन आय कीप हिम?"

मिका म्हणजे समोरच्या घरातली फिलिपिनो मुलगी, सईची जिवलग मैत्रीण. तिचे वडील रेनाटो माझ्याच खात्यात होते. त्यांचं कंत्राट संपलं होतं आणि चार दिवसांनी सगळं कुटुंब फायनल एक्झिटवर कायमचं मनिलाला निघालं होतं. ही बातमी कळल्यापासून सई धड जेवत नव्हती की बोलत नव्हती. पोरगी इतक्या दिवसांनी काहीतरी मागतेय, हे बघून मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "ठेव, ठेव. त्यात काय विचारायचं?"

माझ्या डोळ्यासमोर हॅमस्टर होता. मी त्यांच्या घरी हॅमस्टर बघितला होता. तो दोन वर्षांपूर्वीच गेला आणि त्याच्या जागी नुकतीच नवी नेमणूक झाली, हे मला कुणी कळवलं नव्हतं.

मला सापांची भीती वाटते असं नाही. मला सापांची फार भीती वाटते.

प्लास्टिकचा पारदर्शक डबा सईने जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा घरात चारजण होते. मी खुर्चीवर चढलो. माझी बायको मंजिरी डब्यात वाकून बघायला लागली.

"केवढा होतो हा?"

"फोर, फाइव्ह फीट."

"आणि जगतो किती?"

"फिफ्टीन इयर्स. मे बी ट्वेंटी."

"म्हणजे हिच्या लग्नातही हा असणार," मंजिरी माझ्याकडे वर बघत म्हणाली. "आणि तुम्ही खाली उतरा. ती खुर्ची डुगडुगते."

चौथी माझी आई. तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेली. आई हे चिपळूणच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेलं प्रकरण आहे. तिने चष्मा लावला, डब्याला एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

"बिनविषारी आहे. अमेरिकेतला कॉर्न स्नेक. गेल्या महिन्यात अंड्यातून बाहेर आला असेल. रंग काय सुरेख आहे गं, गाजरहलव्यासारखा."

"त्याला दूध देऊ का?" मी खुर्चीवरून विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"साप दूध पीत नाही, हे मी तुला सातवीत शिकवलंय," आई म्हणाली. "तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत होतास."

पिल्लाचं नाव मिकाने नूडल ठेवलेलं होतं. सोबत जांभळ्या शाईत लिहिलेला एक कागद होता. पहिले सात दिवस हात लावायचा नाही. त्याच्याकडे सारखं बघायचं नाही. लपायला अंधारी जागा द्यायची. आठव्या दिवशी उंदराचं एक पिल्लू द्यायचं आणि त्याला एकटं सोडायचं. आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित: तीनदा देऊनही खाल्लं नाही, तर जेद्दाच्या अंकलना फोन करायचा. हे अंकल म्हणजे रेनाटोचे मित्र, घरी अठरा साप बाळगून असलेले. ते येऊन नूडलला घेऊन जातील, कारण इतकं लहान पिल्लू उपाशी जास्त दिवस काढू शकत नाही.

सईने तो कागद फ्रिजवर चिकटवला. मिकाने जाताना तिच्याकडून दोन वचनं घेतली होती. नूडलला उपाशी ठेवायचं नाही आणि तो पहिल्यांदा जेवला की व्हिडिओ पाठवायचा. विमानतळाची गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा सई रडली नाही. ती घरात आली आणि डब्यासमोर मांडी घालून बसली. मिकाचं तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं. ते जेद्दाला गेलं असतं तर त्या पोरीचं काय झालं असतं, ह्या विचाराने मला तेव्हाच बेचैन व्हायला झालं. आणि मी बेचैन झालो की उपकरणं आणतो.

सापाला एका बाजूला तीस अंश तापमान लागतं. डब्याखाली त्यासाठी छोटी गरम गादी होती, पण तिच्यावर माझा विश्वास नव्हता. मी तीन थर्मामीटर लावले. तिघांचे आकडे वेगवेगळे आले, म्हणून चौथा लावला. मग हॉलचा एसी बंद केला. बाहेर चव्वेचाळीस, आणि आत आम्ही हातात वर्तमानपत्रं घेऊन वारा घालत बसलेलो.

"साप गरम आहे," मंजिरी म्हणाली. "आम्हाला वाफवताय."

दर तासाला झाकण उघडायचं, आकडे बघायचे आणि तक्त्यात लिहायचे, असं मी ठरवलं. ड्युटीवर असलो की घरी फोन करायचो. आई उचलायची आणि "एकोणतीस, आणि तू जेवलास का?" म्हणून ठेवून द्यायची. लपायच्या अंधाऱ्या जागेचा प्रश्नही आईनेच सोडवला. तिने नारळ फोडला, करवंटीला कडेला एक भोक पाडलं आणि ती उपडी घातली. नूडल पाच मिनिटांत आत गेला. मी दर तासाला करवंटी उचलून तो आत आहे याची खात्री करायचो.

दरम्यान जेवणाची सोय झाली होती. गोठवलेल्या उंदराच्या पिल्लांचं पाकीट, बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं, फ्रीझरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या शेजारी आलं होतं. मंजिरीची अट अशी की पाकीट डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात. वरच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरांत 'उघडू नये' असं लिहिलं. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाने तो उघडला.

आठवा दिवस उजाडला. तो निघाला गुरुवार.

"आज नको," आई म्हणाली.

"का?"

"गुरुवारी ह्या घरात मांसाहार होत नाही."

"आई, आपण नाही खायचं. तो खाणार."

"तो ह्या घरातच राहतो ना?"

ह्यावर सईने इंग्रजीत बरंच काही मांडलं, पण आई हलली नाही. उद्या द्या, म्हणाली. मी पंचांग बघितलं. सोमवार बाद, गुरुवार बाद, मंगळवारी संकष्टी. आमच्या घरातल्या सापाला मिळणारा पहिला मोकळा वार म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवार म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे पाटकर.

पाटकर दांपत्य मागच्या गल्लीत राहतं. दर शुक्रवारी एक तर ते आमच्याकडे जेवतात, नाही तर आम्ही त्यांच्याकडे. त्या दिवशी आमची पाळी होती. सुरमई तळलेली होती, सोलकढी होती. मी नूडलचा उंदीर पिशवीत घालून वाटीत गरम पाण्यात ठेवला (ती वाटी तेव्हापासून घरातून बाद आहे) आणि पापड भाजायच्या चिमट्याने (तोही) उचलून करवंटीसमोर ठेवला. मग आम्ही सहाजण डब्याभोवती गोल करून बसलो.

नूडलने डोकं बाहेर काढलं. आमच्याकडे बघितलं. मग उंदराकडे बघितलं.

"घे रे, लाजू नकोस," पाटकर म्हणाले.

"नवीन घर आहे ना, संकोच वाटतो," वहिनी म्हणाल्या. "जरा जवळ सरकवा की त्याच्या."

मी सरकवला. नूडल आत गेला. मी करवंटी उचलली. तो कोपऱ्यात गेला. मी उंदीर कोपऱ्यात नेला. पाटकरांनी त्याला समजेल अशा बेताने स्वतः सुरमईचा तुकडा तोंडात घालून दाखवला. तासाभराने तो उंदीर तिथेच पडलेला होता आणि साप पाण्याच्या बशीखाली घुसला होता. सईने कॅलेंडरवर एक फुली मारली आणि आपल्या खोलीत गेली.

मी तिच्या मागे गेलो. दार ढकलून विचारलं, "सई, ठीक आहेस ना?" ती म्हणाली, "फाइन." अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन विचारलं, दूध हवं का? मग लाडू हवा का? मग नुसतं, काही हवं का?

दुसऱ्या शुक्रवारी पाटकरांना येऊ दिलं नाही. सगळ्यांना लांब बसवून मी एकटा पुढे झालो. कुठेतरी वाचलं होतं की उंदीर हलवला तर सापाला तो जिवंत वाटतो. मी चिमट्यात धरून हलवला. वीस मिनिटं हलवला. हात दुखायला लागला तेव्हा तो नूडलच्या नाकाला लागला असावा, दोनतीनदा. एकदम त्या एवढ्याशा जीवाने शेपटी थरथरवली, मान मागे घेतली आणि चिमट्यावर फटका मारला.

मी ओरडलो असं बाकीचे म्हणतात. एवढं खरं की मी मागच्या मागे टीपॉयवर पडलो, टीपॉय सोफ्यावर गेला आणि चिमट्यातला उंदीर नाहीसा झाला.

सोफा उचलून बघितला. गालिचा झटकला. मंजिरी तर पंख्याच्या पात्यावरही बघून आली. पाऊण तास शोधून हात टेकले आणि सगळे जेवायला बसलो. मी भातावर आमटी घेतली. आई समोरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय गं?"

"तुझ्या खिशातून शेपूट दिसतंय," आई म्हणाली.

मंजिरी ताट घेऊन उठून गेली, ती स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवली. सईने कॅलेंडरवर दुसरी फुली मारली. आता एकच शुक्रवार उरला होता. त्यानंतरच्या शनिवारी यायचं जेद्दाच्या अंकलनी कबूल केलं होतं. सईने त्या चौकोनात पेन्सिलीने एक गाडी काढून ठेवली होती.

"मी सांगू का काय झालंय ते?" दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आई म्हणाली. "दृष्ट लागलीय त्याला."

"आई, तू विज्ञान शिकवायचीस ना?"

"शिकवायचे. दृष्ट अभ्यासक्रमात नव्हती." आई मुठीत मीठ, मोहरी आणि पाच लाल मिरच्या घेऊन उभी होती. "येईल तो त्याच्याकडे बघतोय. पोर एवढंसं. बघून बघून त्याची अन्नावरची वासना उडवलीत तुम्ही."

मी हसलो. मोठ्याने हसलो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो. आईने तिकडे दुर्लक्ष करून मूठ डब्यावरून सात वेळा ओवाळली आणि कोळसा नव्हता म्हणून सगळं तापलेल्या तव्यावर टाकलं.

मिरच्यांचा ठसका असा उठला की मंजिरी खोकत खिडकीकडे धावली. आई डोळ्यांतून पाणी काढत समाधानाने म्हणाली, "बघ केवढी लागली होती." आणि छतावरचा धुराचा अलार्म सुरू झाला.

आमच्या कंपाउंडमध्ये एका घरातला अलार्म वाजला की सगळ्या गल्लीचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की प्रत्येकाने हातातलं टाकून मैदानावर जमायचं असतं. आणि गल्लीतला प्रत्येकजण बाहेर पडला की नाही, हे हिरवं जाकीट घालून बघायचं काम फायर वॉर्डनचं असतं. आमच्या गल्लीचा फायर वॉर्डन मी आहे.

मी जाकीट शोधत होतो तोपर्यंत सई डबा छातीशी धरून बाहेर पळाली होती. मी पोहोचलो तेव्हा मैदानावर सगळी गल्ली जमलेली होती. घरच्या कपड्यांतली, कडेवर पोरं घेतलेली, कुणी अर्धी दाढी केलेली. आग कुठेच दिसत नव्हती, त्यामुळे बघायला एकच गोष्ट होती. पोरं डब्याला नाक लावून उभी होती, त्यांच्या मागे त्यांच्या आया, त्यांच्या मागे फोन उंच धरलेले बाप. ज्या दृष्टीसाठी धूर केला, ती आता साठ-सत्तर जणांची एकदम लागत होती. नूडलने करवंटीच्या भोकातून जेमतेम नाक बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. सई रडकुंडीला येऊन सगळ्यांना "प्लीज डोन्ट लुक, प्लीज डोन्ट लुक" म्हणत होती.

तेवढ्यात सुरक्षेची गाडी आली. त्यातून अबू फहद उतरले. आमच्या कंपाउंडच्या सुरक्षेचे प्रमुख, उंचेपुरे सौदी गृहस्थ, भारतीयांमध्ये वीस वर्षं काढल्याने कामापुरतं हिंदी बोलणारे. त्यांच्या हातात फॉर्म होता.

"वॉर्डन कौन?"

मी जाकिटाची चेन लावत पुढे झालो.

"आग किधर?"

"आग नहीं है."

"फिर अलार्म क्यूँ?" त्यांनी पेन उघडलं. "कारण बोलो. लिखना है."

अकरा वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ अहवाल लिहिले आहेत. झडप अडकली, वायर जळाली, सेन्सर बंद पडला. ह्याला त्यातलं एकही कारण बसत नव्हतं. शेवटी आईच पुढे आली. तिने डब्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्याकडे, मग चारी बाजूंच्या गर्दीकडे हात फिरवला.

अबू फहद थांबले. "ऐन? नजर?" त्यांनी डोळ्याला बोट लावून विचारलं.

आईने मान डोलावली.

त्यांनी वाकून डब्यात बघितलं. करवंटीच्या भोकातून दोन टाचणीएवढे डोळे दिसत होते. "मा शा अल्लाह," ते आधी म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "मदर सही बोला. छोटा है. सब लोग देखता, ये डरता. मेरा माँ भी घर में धुआँ करता, बखूर." मग त्यांनी आवाज चढवला. "यल्ला, सब लोग घर जाओ! खलास! कोई नहीं देखेगा."

गर्दी पांगली. त्यांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरून डब्यावर पसरल्यासारखं करून दाखवलं. "कपडा डालो. बाबा, माँ, कोई नहीं देखेगा. एक हफ्ता."

"बघ," आई मला म्हणाली, "ह्यांना कळतं."

फॉर्मवर कारणाच्या जागी त्यांनी अरबीत एकच शब्द लिहिला आणि माझी सही घेतली. तो शब्द काय होता, हे मी आजवर कुणाकडून वाचून घेतलेलं नाही.

घरी आल्यावर सई फ्रिजसमोर उभी राहिली. मिकाच्या जांभळ्या कागदावर बोट ठेवून तिने पहिल्या तीन ओळी वाचल्या. मग माझा तापमानाचा तक्ता काढला आणि मोजायला बसली. मोजून झाल्यावर तिने मान वर केली.

"बाबा, यू ओपन्ड द लिड टू हंड्रेड अँड थर्टीन टाइम्स."

"ते तापमानासाठी..."

"दृष्ट कुणाची होती ते कळलं," आई म्हणाली आणि तवा घासायला गेली.

सई तक्ता हातात घेऊन तशीच उभी होती. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "यू डू दॅट टू मी ऑल्सो."

मिका गेल्यापासून मी त्या पोरीच्या खोलीचं दार किती वेळा उघडलं होतं, त्याचा तक्ता मी ठेवला नव्हता, एवढंच. सकाळी, दुपारी, ड्युटीवरून फोन करून. जेवलीस का, बरी आहेस ना, काही हवं का? मला वाटत होतं, मी काळजी घेतोय. आपल्या काळजीने समोरच्याला लपायला जागा उरत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला लाज वाटली. मी चारी थर्मामीटर काढून कपाटात ठेवले.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब आठवडा होता. आईने डब्यावर आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा घातला. हॉलचा एसी चालू झाला, मंजिरीचा चेहरा निवळला. पाणी बदलायला फक्त सईने कपड्याखाली हात घालायचा, बाकी कुणी नाही. मी डब्याजवळून हात मागे बांधून जायचो. कंट्रोल रूममधून फोन करायचो आणि आईने उचलला की काहीच विचारता येत नाही हे लक्षात येऊन हवापाण्याच्या गप्पा मारायचो. सईच्या दारावरूनही तसाच जायचो. दोनदा हात कडीपर्यंत गेला, दोन्ही वेळा मंजिरी मागून खाकरली.

बुधवारी सई आपणहून बाहेर आली. ताट घेतलं आणि आजीला म्हणाली, "वरण-भात." दोनदा घेतला. मी तिच्याकडे बघितलं नाही. फार जड गेलं.

मग तिसरा शुक्रवार आला. गाडीच्या चित्राच्या अलीकडचा चौकोन. सकाळपासून मी तीनदा दाढी करायला गेलो. साडेअकराला सईने उंदीर गरम पाण्यात ठेवला आणि आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात माझ्या चपला.

"मी लांब बसतो ना. स्वयंपाकघरात."

"बाहेर," आई म्हणाली.

"आई, चव्वेचाळीस..."

"सावलीत बस."

आमच्या घरासमोर एक झाड आणि त्याखाली एक बाक आहे. मी बाकावर बसलो. उठलो. पुन्हा बसलो. हॉलची खिडकी तिथून दिसत होती. मी जरासा वाकलो, तसा आतून आईचा हात आला आणि पडदा ओढला गेला. नाहीच खाल्लं तर सईला काय सांगायचं? उद्या अंकलच्या गाडीत डबा कोण ठेवणार? मी बाकापासून झाडापर्यंत फेऱ्या घालायला लागलो. फोन बघितला तर अकरा पस्तीस झाले होते. पाच मिनिटं झाली होती.

जुम्म्याच्या नमाजाला निघालेल्या अबू फहदची गाडी माझ्याजवळ थांबली. काच खाली आली.

"घर से निकाल दिया?"

"आज खाना देना है. साप को."

त्यांनी माझ्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे मान डोलावली. "अच्छा किया," ते म्हणाले आणि गेले.

बारा वाजून गेल्यावर दार उघडलं. सई धावत आली, उलटसुलट चपला घालून. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तो जेवला," ती म्हणाली. "आधी नुसता बघत बसला, मग पकडला, मग सगळा गिळला! मी कपड्याच्या फटीतून व्हिडिओ काढला. मिकाला पाठवला पण."

सगळं मराठीत. एका दमात. आणि मग ती इतक्या दिवसांचं साठवलेलं रडली, माझ्या पोटात डोकं खुपसून. मिकाच्या गाडीमागे रडायची राहिली होती ती. मी फक्त उभा राहिलो. काही हवं का, असं विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं (उन्हाने येतं).

जेद्दाच्या अंकलना येऊ नका म्हणून फोन केला. आईने त्यांना तरीही जेवायला बोलावलं. ते आले आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने वाढून घेऊन गेले.

नूडल आता दोन फुटांचा झाला आहे. दर शुक्रवारी साडेअकराला तो जेवतो आणि दर शुक्रवारी साडेअकराला मी बाकावर असतो. कंपाउंडमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिथे बघितलं की पाटकरसुद्धा आमच्या घराकडे मान न वळवता जातात.

आई चिपळूणला परतली. शुक्रवारी तिचा फोन येतो, तो थेट माझ्या मोबाइलवर, बाकावरच. पहिला प्रश्न, "नूडल जेवला का?" दुसरा, "तू बाहेरच आहेस ना?" परवा मी वैतागून म्हणालो, "आई, मी उपाशी बसलोय इथे उन्हात. मी जेवलो का, हे हल्ली कुणी विचारत नाही."

"तुला कशाला विचारायचं?" आई म्हणाली. "तू कधी नाही म्हणालायस?"